‘आम्ही वीस वर्षं असंच करतोय’ म्हणणाऱ्या आयसीयूत बदल कुठून सुरू करायचा?

प्रश्न: जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयात, १२ खाटांच्या आयसीयूत मी चार वर्षं स्टाफ नर्स आहे. व्हेंटिलेटरवर साधारण पाच पेशंट असतात आणि एका सिस्टरकडे दोन, कधी तीन पेशंट येतात. गेल्या महिन्यात एका सीएनईला (नर्सेससाठीच्या प्रशिक्षण सत्राला) गेले होते. तिथे तीन गोष्टी सांगितल्या: सक्शनआधी (कफ ओढून काढण्याआधी) ईटी ट्यूबमध्ये, म्हणजे श्वासनलिकेत घातलेल्या नळीत, सलाईन टाकू नका, राइल्स ट्यूबचं अ‍ॅस्पिरेट (नाकातून पोटात गेलेल्या नळीतून ओढलेला द्रव) दर चार तासांनी मोजत बसू नका आणि तोंडाची स्वच्छता क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने करू नका. आमच्याकडे तिन्ही रोज चालतात. इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, ‘आम्ही वीस वर्षं असंच करतोय, सलाईनने कोणी गेलेलं नाही.’ कन्सल्टंट सर तोंडी ‘हो, बरोबर आहे, करा’ म्हणतात, पण लिहून काही देत नाहीत. दिवसा मी सलाईन टाकत नाही, नाइटला परत सुरू होतं. सुरुवात कुठून करू? आणि यात माझ्या नोकरीला धोका आहे का?

उत्तर:

प्रिय सिस्टर,

तिन्ही गोष्टी एकदम हातात घेऊ नका. तिन्हींचा पुरावा सारख्या वजनाचा नाही आणि तिन्ही तुमच्या अखत्यारीतल्याही नाहीत. सलाईनपासून सुरुवात करा. सक्शन नर्सच करते, त्याला नवं यंत्र लागत नाही, कामही वाढत नाही, उलट एक पायरी कमी होते. पाच व्हेंटिलेटर आणि एका सिस्टरकडे तीन पेशंट असलेल्या युनिटमध्ये काम वाढवणारा कोणताही बदल दुसऱ्या आठवड्यात बंद पडतो, मग त्यामागचा पुरावा कितीही भक्कम असो.

आधी इन्चार्ज सिस्टरांविषयी. त्यांना वाचन नाही म्हणून त्या अडवतात, असं धरून चालू नका. वीस वर्षं आयसीयूत काढलेल्या माणसाने पुरावा उलटताना पाहिलेला असतो. २००१ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या अभ्यासानंतर जगभरातल्या आयसीयूंनी शुगर ८० ते ११० मध्ये ठेवायला सुरुवात केली. त्यासाठी सिस्टर तासातासाला पेशंटचं बोट टोचत होत्या आणि इन्सुलिनचा दर बदलत होत्या. २००९ मध्ये सहा हजारांहून जास्त पेशंटवरच्या नाइस-शुगर चाचणीत दिसलं की कडक नियंत्रणाच्या गटात ९० दिवसांतले मृत्यू २७.५ टक्के, तर १८० पर्यंत मोकळीक दिलेल्या गटात २४.९ टक्के. सगळं परत फिरवावं लागलं. तुमच्या यादीतलं क्लोरहेक्सिडीन हे दुसरं उदाहरण. काही वर्षांपूर्वी हेच औषध व्हॅप (व्हेंटिलेटरवर असताना होणारा न्यूमोनिया) टाळण्याच्या उपायांच्या संचात, म्हणजे व्हॅप बंडलमध्ये, ‘पुराव्यावर आधारित’ म्हणून आलं होतं. तेव्हा त्यांची शंका बिनबुडाची नाही, फक्त ती सलाईनच्या बाबतीत लागू पडत नाही.

दुसरं कारण जास्त खरं आहे. रात्री तीनला ट्यूब ब्लॉक झाली तर मेमो सीएनईला गेलेल्या सिस्टरला मिळत नाही, इन्चार्जला मिळतो. नर्सेसना पुरावा वापरण्यात काय आड येतं हे मोजण्यासाठी अमेरिकेत १९९१ मध्ये एक प्रश्नावली तयार झाली. तिच्यात सर्वांत वर आलेल्या अडचणींपैकी एक होती, पेशंटच्या देखभालीची पद्धत बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही अशी भावना. वेळेचा अभावही वरच्याच रांगेत होता. म्हणून इन्चार्ज सिस्टरांना पटवण्यात फार शक्ती घालवू नका. त्यांच्यावर येणारी जबाबदारी कागदावर वाटून घ्या, म्हणजे पटण्यातली निम्मी अडचण उरत नाही.

सलाईनचं नेमकं काय

सलाईनने कफ पातळ होतो ही समजूत आहे. चिकट कफ आणि सलाईन काही सेकंदांत एकमेकांत मिसळत नाहीत. टाकलेल्या पाच सीसीतलं बरंचसं परत येतच नाही, फुफ्फुसात राहतं. सलाईनने खोकला उसळतो आणि त्या खोकल्याबरोबर कफ बाहेर येतो, म्हणून ‘सलाईनने निघाला’ असं वाटतं. तेवढ्यात सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी) उतरतं आणि सावरायला वेळ घेतं. ट्यूबच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा थर असतो, त्यातला काही भाग खाली ढकलला जाण्याचा धोका वेगळाच. अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअरने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सलाईन सर्रास टाकणं टाळा, असं म्हटलं आहे.

विरुद्ध पुरावाही माहीत असू द्या, नाहीतर राउंडला कोणीतरी तोच पुढे करील. ब्राझीलमधल्या एका कर्करोग रुग्णालयातल्या चाचणीत (प्रसिद्धी २००९) सलाईन टाकलेल्या गटात जंतुतपासणीने सिद्ध झालेला व्हॅप कमी आढळला होता. ती एका केंद्रातली चाचणी आहे आणि एकूण पुरावा सलाईन टाळण्याकडे झुकतो, एवढं उत्तर पुरे. ‘सलाईन म्हणजे विष’ असं मात्र कुठे म्हणू नका. ते खरं नाही आणि एकदा खोटं पडलात की पुढचं कोणी ऐकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं सलाईन बंद करून ओलाव्याकडे दुर्लक्ष केलंत तर ट्यूब खरंच ब्लॉक होईल, आणि तुमचा प्रयोग त्याच रात्री संपेल. सलाईनची सवय बहुतेक ठिकाणी कोरड्या सर्किटवरचा (व्हेंटिलेटरच्या कोरड्या नळ्यांवरचा) उपाय म्हणूनच टिकलेली असते. म्हणून पहिला आठवडा सलाईनला हात न लावता फक्त ह्युमिडिफिकेशन, म्हणजे श्वासाच्या हवेला मिळणारा ओलावा, तपासा.

हीटेड ह्युमिडिफायर असेल तर चेंबरमध्ये स्टेराइल वॉटर खुणेपर्यंत आहे का, वाय-पीसजवळ (सर्किटच्या दोन नळ्या पेशंटपाशी जुळतात तिथे) तापमान किमान ३४ अंश आहे का आणि नळीत थोडं बाष्प दिसतं का ते पाहा. चेंबर कोरडा पडून हीटर बंद केलेला आणि अलार्म म्यूट केलेला, हे दृश्य दुर्मीळ नाही. एचएमई फिल्टर (पेशंटच्या उच्छ्वासातली ऊब आणि ओलावा धरून ठेवणारा फिल्टर) असेल तर कंपनीने दिलेल्या मुदतीत बदला, आणि कफ किंवा रक्त लागलं तर लगेच बदला. कफ घट्ट आणि भरपूर आहे, कफात रक्त आहे, शरीराचं तापमान ३२ अंशांखाली आहे किंवा मिनिट व्हॉल्यूम (मिनिटभरात श्वासातून जाणारी हवा) १० लिटरच्या वर आहे, अशा पेशंटला एचएमई चालत नाही. त्याला हीटेड ह्युमिडिफायर हवा. नेब्युलायझेशन देताना एचएमई पेशंट आणि नेब्युलायझरच्या मध्ये राहू देऊ नका, नाहीतर औषध फिल्टरमध्ये अडकतं आणि फिल्टर भिजून रोध वाढतो. एकाच सर्किटमध्ये एचएमई आणि हीटेड ह्युमिडिफायर दोन्ही लावलेले दिसले तर त्याच क्षणी एक काढा. भिजलेला एचएमई श्वासाची वाटच बंद करू शकतो.

मग सक्शन. दर दोन तासांनी घड्याळ बघून करायचं नाही, गरज दिसली की करायचं. गरज ओळखायची ती अशी: व्हेंटिलेटरच्या फ्लो वेव्हफॉर्मवर करवतीसारखे दाते, श्वासनलिकेवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर घरघर, ट्यूबमध्ये दिसणारा कफ, पीक प्रेशर वाढणं, कारणाशिवाय सॅच्युरेशन उतरणं. वेव्हफॉर्मवरचे दाते सर्किटमध्ये साठलेल्या पाण्यानेही येतात, म्हणून आधी वॉटर ट्रॅप रिकामा करा. गरज आहे का, हे निदान दर दोन तासांनी तपासून नोंदवायचं. ‘गरजेनुसार’चा अर्थ रात्रभर कोणी बघितलंच नाही, असा होता कामा नये. हा बदल इथेच सर्वाधिक बिघडतो.

कॅथेटर (सक्शनची बारीक नळी) ८ नंबरच्या ट्यूबला १२ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप), ७ नंबरला १० फ्रेंच. ३० ते ६० सेकंद १०० टक्के ऑक्सिजन द्या. बहुतेक व्हेंटिलेटरवर त्याचं वेगळं बटण असतं, दर वेळी अम्ब्यू (हाताने दाबायची श्वासाची पिशवी) लावून पीप (फुफ्फुस उघडं ठेवणारा व्हेंटिलेटरचा दाब) घालवायची गरज नाही. भिंतीवरच्या सक्शनचा दाब नळी दुमडून गेजवर तपासा: ८० ते १२० एमएमएचजीने काम भागत असेल तर तेवढाच ठेवा, मोठ्या माणसात २०० ओलांडू नका. कॅथेटर ट्यूबच्या लांबीएवढाच आत घाला, कॅरायनाला (श्वासनलिका दुभागते त्या जागेला) टेकवून ओढू नका. कॅथेटर आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत १५ सेकंदांच्या आत काम संपवा.

कफ तरीही घट्ट असेल तर ह्युमिडिफायर परत बघा, पेशंट डिहायड्रेट झाला आहे का पाहा आणि आरएमओला (ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांना) कळवा. कॅथेटर ट्यूबमधून सहज जात नसेल तर ट्यूब ब्लॉक होते आहे. तिथे सलाईन टाकून वेळ घालवू नका, ताबडतोब डॉक्टरांना बोलवा.

ट्रॉलीवरची बाटली

प्रोटोकॉल भिंतीवर लावून नाइट ड्यूटीची सवय बदलत नाही. सवय ट्रॉलीवर ठेवलेली असते. बऱ्याच आयसीयूंत सक्शन ट्रॉलीवर एनएसची (नॉर्मल सलाईनची) १०० मिलीची बाटली असते, बुचात सुई खोचलेली, वर ‘सक्शन’ असं लिहिलेलं. ती सकाळी उघडते आणि दुसऱ्या सकाळपर्यंत चार हातांतून फिरते. सलाईनचा वाद बाजूला ठेवला तरी संसर्गनियंत्रणाच्या दृष्टीने ही बाटली तिथे नसावी, आणि याला इन्चार्ज सिस्टरही नाही म्हणणार नाहीत. पण त्या बाटलीला दुसरंही काम आहे: सक्शननंतर नळी धुणं. बाटली नुसती उचलून नेलीत तर तासाभरात कोणीतरी दुसरी आणून ठेवील. म्हणून नळी धुण्यासाठी प्रत्येक बेडला वेगळं झाकणाचं भांडं, त्यात स्टेराइल वॉटर, वर ‘फक्त नळी धुण्यासाठी’ आणि वेळ, दर शिफ्टला बदल. आधी ही सोय करा, मग बाटली काढा.

फिजिओथेरपिस्टना विसरू नका. तुम्ही सलाईन बंद कराल आणि सकाळी चेस्ट फिजिओला येणारे मॅडम किंवा सर पाच सीसी टाकून जातील. त्यांना पहिल्या दिवसापासून सामील करून घ्या.

कागद

एक पान, त्याहून मोठं नको. सक्शनआधी सलाईन नेहमीसाठी नाही. सक्शन कधी करायचं. ऑक्सिजन, दाब, कॅथेटर, वेळ. ह्युमिडिफायर दर शिफ्टला तपासणं. कफ घट्ट असेल तर कोणाला कळवायचं. शेवटी अपवादाची ओळ: ‘विशिष्ट पेशंटमध्ये सलाईन हवं असल्यास डॉक्टरांनी कारणासह लेखी ऑर्डर द्यावी.’ ती वगळू नका. तिच्यामुळे कन्सल्टंटना आपले हात बांधले गेल्यासारखं वाटत नाही, ते सही करतात. खाली कन्सल्टंट, इन्चार्ज, इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर यांच्या सह्या, तारीख आणि तीन महिन्यांनंतरची फेरतपासणीची तारीख. मसुदा तुम्ही लिहा, पण तयार करणाऱ्यांत इन्चार्ज सिस्टरांचं नाव आधी घाला. हे लाडीगोडीसाठी नाही. कोणत्या पेशंटच्या ट्यूब ब्लॉक होतात, कोणता ह्युमिडिफायर दगा देतो, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, ते विचारून मसुद्यात घ्या. बोलणं राउंडमध्ये किंवा ज्युनिअरांसमोर काढू नका. सकाळची शिफ्ट संपताना, हँडओव्हर झाल्यावर, बसून बोला.

‘सर हो म्हणाले’ हा प्रोटोकॉल नाही. सरांना वेळ नाही ही अडचण खरी असते, तेव्हा टाइप केलेलं पान फक्त सहीसाठी समोर ठेवा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) संसर्गावर झालेलं काम (प्रसिद्धी २००६) चेकलिस्टसाठी गाजलं. १०३ आयसीयूंतला मध्यक दर १००० कॅथेटर-दिवसांमागे २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. चेकलिस्टवर पाच साध्या गोष्टी होत्या: हात धुणं, पूर्ण बॅरिअर (निर्जंतुक गाऊन, ग्लोव्ह्ज, मास्क, चादर वगैरे), क्लोरहेक्सिडीनने त्वचा साफ करणं, शक्यतो मांडीतून लाइन न घालणं, गरज संपली की लाइन काढणं. त्यांची सगळीकडे नक्कल झाली. पण तिथे पायरी चुकली तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकारही नर्सना दिलेला होता, त्याची नक्कल फारच थोड्यांनी केली.

मोजणं

नवा फॉर्म काढू नका. आयसीयू चार्टवर सक्शनच्या रकान्यात आधीच खूण होते. तिथेच सलाईन टाकलं तर ‘स’ लिहायचं आणि पुढच्या पाच मिनिटांतलं सर्वांत कमी सॅच्युरेशन. दोन आठवडे बदलाआधी, मग बदलानंतर सलग. ‘स’ नसलेल्या सक्शनची टक्केवारी दिवसाची आणि रात्रीची वेगळी काढा. नाइटला खूण करायचीच राहून जाते, म्हणून पहाटेच्या हँडओव्हरमध्ये एकच प्रश्न तोंडी विचारायचा ठेवा. ब्लॉक झाल्यामुळे बदललेल्या ट्यूब मात्र तारखेसह लिहून ठेवा. इन्चार्जची भीती खरी की खोटी, हे तोच आकडा सांगेल, आणि तो वाढला तर थांबून कारण शोधायचं.

व्हॅपच्या दरावर यश सांगायच्या मोहात पडू नका. पाच व्हेंटिलेटर म्हणजे महिन्याला सुमारे १५० व्हेंटिलेटर-दिवस. एक केस झाली की दर १००० मागे ६.७, दोन झाल्या की १३.३, एकही नाही तर शून्य. एवढ्या लहान युनिटमध्ये हा आकडा महिन्यामहिन्याला उड्या मारतो. ‘एका महिन्यात व्हॅप शून्यावर आणला’ असं बोर्डवर लावलंत आणि पुढच्या महिन्यात दोन निघाल्या, तर सलाईन परत येईल.

उरलेल्या दोन गोष्टी

अ‍ॅस्पिरेट मोजणं एकट्या नर्सने बंद करायची गोष्ट नाही. फ्रान्समधल्या ९ आयसीयूंतल्या ४४९ पेशंटच्या चाचणीत (२०१३) मोजलं काय नि न मोजलं काय, व्हॅपमध्ये फरक पडला नाही: १५.८ आणि १६.७ टक्के. पण त्यात नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेले पेशंट घेतलेले नव्हते, आणि जिल्ह्याच्या आयसीयूत असे पेशंट बरेच असतात. मधली वाट सोपी आहे. अमेरिकेतल्या पोषणविषयक २०१६ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की मोजतच असाल, तर ५०० मिलीच्या खाली फक्त त्या आकड्यासाठी फीड थांबवू नका. तुमच्याकडे १५० किंवा २०० वर फीड थांबत असेल, तर आहारतज्ज्ञ आणि कन्सल्टंटसोबत आधी ती मर्यादा बदलून घ्या. उलटी, पोट फुगणं आणि डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर असणं यांवर लक्ष तसंच ठेवायचं. सलाईनचे तीन महिने पार पडल्यावर हे काढा.

क्लोरहेक्सिडीनचा प्रश्न इन्फेक्शन कंट्रोल कमिटीत न्या, बेडसाइडला सोडवू नका. अमेरिकेतल्या संसर्गनियंत्रण संघटनांनी २०२२ मध्ये ब्रशने दात घासणं आवश्यक यादीत आणि तोंडातलं क्लोरहेक्सिडीन नको असलेल्या यादीत टाकलं, कारण त्याने मृत्यू वाढत असावेत अशी शंका काही विश्लेषणांतून आली. टोरांटोमधल्या ६ आयसीयूंतल्या चाचणीत ते काढल्यावर मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. म्हणजे घाई नाही. तुमच्या रुग्णालयाच्या बंडलच्या छापील यादीत ते अजून असेल तर ऑडिटला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. ब्रशची बाजू मात्र आजच सुरू करता येते: लहान मुलांचा मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दुसऱ्या हातात सक्शन, आणि आधी कफ प्रेशर (इथे कफ म्हणजे ट्यूबच्या टोकाजवळचा फुगा, त्यातला दाब) २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबात आहे का बघणं. पायलट बलून (त्या फुग्याला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा) बोटाने दाबून तो दाब कळत नाही. सगळ्या युनिटला एक मॅनोमीटर पुरतो, त्याचा इंडेंट (स्टोअरकडे मागणी) टाका.

नोकरीबद्दल. सही झालेला कागद नसताना एकटीने नेहमीची पद्धत मोडून दाखवू नका. आत्ता दिवसा तुम्ही तेच करताय आणि काही झालं तर पाठीशी कोणी नाही. सहीपर्यंत सलाईनची लेखी ऑर्डर असेल तर ती पाळा आणि सॅच्युरेशन किती उतरलं ते चार्टवर लिहा. ऑर्डर नसेल तर आरएमओला विचारून उत्तर नोंदवा. सही झाल्यावर रात्री नवे आरएमओ ‘थोडं सलाईन टाका’ म्हणाले, तर वाद घालू नका. ‘सर, प्रोटोकॉलमध्ये कारणासह लेखी ऑर्डर लागते, लिहून देता?’ एवढंच विचारा. लिहून दिलं तर टाका. आणि खासगी रुग्णालयात वर्षभरात निम्मा स्टाफ बदलू शकतो, म्हणून नव्या सिस्टर-ब्रदरच्या पहिल्या आठवड्यात हे एक पान इन्चार्ज सिस्टरांनी स्वतः समजावून सांगावं, अशी व्यवस्था सहीच्या दिवशीच ठरवून घ्या.